क्षुल्लक कोणी ठरवावे?

मोटारींचा कारखाना चालविणारी एखादी बलाढ्य कंपनी सरकारच्या दारी जाते आणि म्हणते, ‘आमच्या गाडीत सुरक्षेच्या नियमाशी न जुळणारी एक गोष्ट राहून गेली आहे खरी, परंतु ती इतकी क्षुल्लक आहे की, तिच्यापायी लाखो गाड्या परत बोलावण्याचा भुर्दंड आमच्यावर लादू नये.’ अमेरिकेत असा अर्ज करण्याची कायद्यानेच सोय ठेवली आहे आणि असे अर्ज तेथे वरचेवर येतात. विषय वरवर पाहता रुक्ष वाटेल. आपल्या सकाळच्या चहाबरोबर अमेरिकेतल्या दिव्यांची आणि टायरांची कथा कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु नियम मोडणाऱ्याला सूट द्यावी की नाही, द्यावी तर कोणाला विचारून द्यावी, आणि झालेली चूक लहान की मोठी हे सांगण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न अमेरिकेपुरते नाहीत. जेथे जेथे रस्ता आहे आणि त्या रस्त्यावरून माणसे चालतात, तेथे तेथे ते आहेत.

या कायद्याचा जन्मच मुळी एका भांडणातून झाला. १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाने मोटारींच्या सदोष रचनेवर एक पुस्तक लिहिले आणि अमेरिकेतील मोटारधंद्याला हादरा दिला. जनरल मोटर्स या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या कंपनीने त्यातल्या आरोपांना उत्तर देण्याऐवजी लेखकाच्या मागावर खासगी गुप्तहेर घातले! ते उघडकीस आले तेव्हा कंपनीच्या अध्यक्षांना मार्च १९६६ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी ९ सप्टेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहनसुरक्षेच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. दिवे, ब्रेक, काचा, टायर, आसनांचे पट्टे, धोक्याची सूचना देणारी चिन्हे, या सर्वांची मानके या कायद्याखाली ठरविली गेली.

तेथील पद्धतीत एक गोष्ट आपल्याहून निराळी आहे. आपल्याकडे नव्या मोटारीचा नमुना पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेत तपासून घ्यावा लागतो आणि संमती मिळाल्यावरच ती मोटार बाजारात येते. अमेरिकेत सरकार आधी तपासत नाही. गाडी सर्व मानकांत बसते, असे कंपनीच स्वतः प्रमाणित करते आणि गाडी विकते. विश्वास मोठा, म्हणून विश्वासभंगाचा जाबही तितकाच कडक. आपली गाडी एखाद्या मानकात बसत नाही असे ठरले की, कामाच्या पाच दिवसांत कंपनीने ते सरकारी सुरक्षा प्रशासनाला कळवावयाचे, मालकांना पत्रे धाडावयाची आणि दोष फुकट दुरुस्त करून द्यावयाचा. यातून सुटका हवी असेल तर तीस दिवसांच्या आत अर्ज करून, हा दोष सुरक्षेच्या दृष्टीने परिणामशून्य आहे, हे पटवून द्यावयाचे. पटवून देण्याचा भार कंपनीवर, सरकारवर नव्हे. हा अर्ज राजपत्रात छापला जातो. कोणीही नागरिक त्यावर आपले म्हणणे लिहून पाठवू शकतो. शेवटी होणारा निर्णय, मग तो मंजुरीचा असो वा नकाराचा, कारणांसह पुन्हा राजपत्रातच छापला जातो. आणि सूट मिळाली तरी ती केवळ मालकांना कळविण्यापासून व दुरुस्तीपासून मिळते. विक्रेत्याच्या आवारात उभ्या असलेल्या सदोष गाड्या तशाच विकण्याची मुभा त्यातून मिळत नाही. चूक माफ झाली तरी ती चूकच राहते.

अर्ज कसले येतात ते पाहिले तर प्रथम हसू येईल. टायरच्या कडेवर एखादी माहिती चुकीची उमटलेली असते. दाराच्या चौकटीवरील पट्टीत एखादा आकडा छापावयाचा राहिलेला असतो. काचेवरील खुणेत एखादे अक्षर कमी असते. अशा लेखी मजकुरांच्या चुकांना प्रशासन बहुधा उदारपणे पाहते, आणि ते योग्यच आहे. टायरला इजा नाही, भार पेलण्याची त्याची शक्ती कमी झालेली नाही, योग्य माहिती मालकाला गाडीच्या पुस्तिकेतही मिळते आहे, अशा वेळी एका अक्षरासाठी हजारो गाड्या पुन्हा कारखान्याच्या वाटेला लावणे हा न्याय नव्हे, हट्ट होईल. असा हट्ट आमचाही नाही.

पण अक्षराची चूक नेहमीच निरुपद्रवी असते असेही नाही. २०२४ च्या प्रारंभी टेस्ला कंपनीला अमेरिकेत सुमारे बावीस लाख गाड्यांचा दोष जाहीर करावा लागला. दोष कोणता, तर ब्रेकविषयी धोक्याची सूचना देणारी अक्षरे पडद्यावर कायद्याने ठरविलेल्या एक अष्टमांश इंचाहून बारीक दिसत होती. कंपनीने सूट मागण्याच्या फंदात न पडता बिनतारी संदेशाने गाडीतील संगणकाची आज्ञावली बदलली आणि अक्षरे मोठी केली. एवढ्याशा अक्षरांसाठी एवढा बोभाटा, म्हणून तेव्हा चेष्टाही पुष्कळ झाली. चेष्टा करणाऱ्यांची दृष्टी चांगली असावी. साठी ओलांडलेल्या, चष्मा बदलण्याचे लांबणीवर टाकलेल्या माणसाने रात्रीच्या वेळी तोच पडदा पाहावा, म्हणजे अष्टमांश इंचाचा नियम कोणासाठी केला आहे ते कळेल.

अक्षराहून दिव्याची गोष्ट अधिक गंभीर. जनरल मोटर्सच्या ‘टेरेन’ या गाडीचे २०१० ते २०१७ या काळातील नमुने मानकात बसत नव्हते. पुढच्या दिव्याचा मंद झोत, ज्याला आपण डिपर म्हणतो, तो चालू असता दिव्याच्या घरातून काही प्रकाश परावर्तित होऊन भलत्याच जागी पडत असे, आणि तो मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट होता. अशा गाड्या सात लाखांच्या वर. कंपनीने अर्ज केला की, हा प्रकाश समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जात नाही. यामुळे अपघात वा इजा झाल्याचे आम्हांस ठाऊक नाही. इतक्या वर्षांत एका ग्राहकाने काय ती विचारणा केली. तेव्हा हे प्रकरण परिणामशून्य समजावे. अर्ज बराच काळ विचाराधीन राहिला आणि २०२२ च्या आरंभी प्रशासनाने तो फेटाळला. सात लाख चाळीस हजारांच्या आसपास गाड्या परत बोलावणे कंपनीला भाग पडले.

हा नकार आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो त्यामागील विचारामुळे. अशा अर्जांच्या निकालांत हे प्रशासन काही तत्त्वे पुन्हा पुन्हा सांगत आले आहे. तक्रार आली नाही याचा अर्थ धोका नाही, असा होत नाही. सदोष गाड्यांची संख्या थोडी आहे, ही सबब चालणार नाही. कारण ज्या एका गाडीत तो प्रसंग येईल, त्या गाडीतल्या माणसाचे काय होईल, एवढेच पाहावयाचे. आणि लेबलावरील चूक वेगळी, प्रत्यक्ष कामगिरीतील उणीव वेगळी. दुसरी क्षुल्लक आहे असे दाखविणे कितीतरी अवघड आहे.

यांतील पहिले तत्त्व दिव्यांच्या बाबतीत तर फारच खरे आहे. गाडीची तक्रार करतो तो गाडीचा मालक. परंतु भरमसाट प्रकाशाचा त्रास बहुधा मालकाला होतच नाही. तो होतो समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याला, सायकलवाल्याला, रस्त्याच्या कडेने घरी निघालेल्या मजुराला. क्षणभर डोळ्यांपुढे काळोख येतो, पाय गटारात जातो, आणि तोपर्यंत गाडी निघूनही गेलेली असते. ती कोणत्या कंपनीची होती हे त्याला कुठून कळणार? कळले तरी तो डेट्रॉइटला पत्र लिहिणार आहे थोडाच? ग्राहकांच्या तक्रारी मोजून सुरक्षा ठरवावयाची म्हटली, तर जो ग्राहकच नाही त्याच्या डोळ्यांची किंमत शून्य धरावी लागेल. ‘टेरेन’चा प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही, हे कंपनीचे म्हणणे क्षणभर मान्य केले तरी, वरच्या दिशेने जाणाऱ्या प्रकाशावर मर्यादा घालण्याचे कारण उरतेच. पावसात, धुक्यात वा बर्फात असा प्रकाश थेंबांवर आदळून पांढऱ्या पडद्यासारखा चालकाच्याच पुढ्यात उभा राहतो. आषाढात चोर्ला किंवा अनमोड घाट ज्यांनी रात्री ओलांडला आहे, त्यांना हे शास्त्र आम्ही शिकवावयास नको. तेथे दिवा जितका अधिक उजळावा, तितका रस्ता अधिक दिसेनासा होतो.

‘क्षुल्लक’ हा शब्द कंपनीच्या तोंडी किती स्वस्त असतो, याचे उदाहरण त्याच जनरल मोटर्सने फार मोठी किंमत देऊन जगापुढे ठेवले आहे. तिच्या काही लहान मोटारींत किल्ली फिरविण्याच्या कळीची स्प्रिंग ढिली होती. कंपनीनेच आपल्या आराखड्यात लिहिले होते त्यापेक्षा कितीतरी कमी जोराने ती किल्ली फिरत असे. खड्ड्यात चाक आपटले, वा किल्लीच्या जुडग्याचा भार पडला, की चालत्या गाडीचे इंजिन बंद पडावयाचे. सुकाणू जड होई, ब्रेकचा आधार जाई, आणि ज्या क्षणी एअरबॅग उघडावयास हवी त्या क्षणी ती उघडत नसे. हा दोष कंपनीच्या अभियंत्यांना २०१४ च्या कितीतरी वर्षे आधी ठाऊक होता. पण त्यांनी त्याची नोंद सुरक्षेच्या सदरात न करता ‘ग्राहकाची गैरसोय’ या सदरात केली. पुढे तो भाग गुपचूप बदलला गेला, पण त्याचा क्रमांक बदलला नाही. त्यामुळे जुना कोणता आणि नवा कोणता हे शोधणाऱ्यांनाही कळेना. २०१४ मध्ये सुमारे सव्वीस लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. नुकसानभरपाईसाठी नेमलेल्या निधीने मृत्यूचे १२४ दावे मान्य केले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या न्याय खात्याशी तडजोड करताना कंपनीला नव्वद कोटी डॉलर भरावे लागले.

‘गैरसोय’ आणि ‘सुरक्षा’ या दोन सदरांमध्ये १२४ चिता वा दफने उभी आहेत. कोणी दुष्ट माणूस हे कारस्थान रचीत बसला होता, असे आम्ही म्हणत नाही. बहुधा चांगल्या शिकलेल्या, घरी मुलेबाळे असलेल्या माणसांनीच बैठकीत ते सदर निवडले असेल. म्हणूनच असे सदर निवडण्याचे काम बंद दाराआड होता कामा नये, एवढेच आमचे सांगणे आहे.

एअरबॅगचे प्रकरणही असेच. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलेले होते. ते उष्णतेने व दमट हवेने वर्षानुवर्षे खराब होते आणि मग एअरबॅग उघडण्याऐवजी तिचे धातूचे नळकांडे फुटून तुकडे माणसाच्या गळ्यात घुसतात. या दोषाने जगभरात दोन डझनांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. जनरल मोटर्सने २०१६ पासून एकामागून एक अर्ज करून म्हटले की, आमच्या मोठ्या गाड्यांची ठेवण निराळी आहे, त्यांतील एअरबॅगा सुरक्षित आहेत, आमच्याजवळ चाचण्यांचा पुरावा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रशासनाने ते अर्ज फेटाळले आणि अमेरिकेतील सुमारे एकोणसाठ लाख गाड्यांची दुरुस्ती कंपनीवर आली. जानेवारी २०२१ मध्ये फोर्डचाही, सुमारे तीस लाख गाड्यांबद्दलचा, अर्ज त्याच वाटेने गेला. या प्रकरणात आम्हांस अमेरिकन पद्धतीतला एक मोठा दोष दिसतो. निकाल लागेपर्यंत चार वर्षे त्या गाड्या तशाच धावत होत्या. अर्ज केल्याने दुरुस्ती लांबते, हे चतुर कंपनीला कळावयास वेळ लागत नाही. दमट हवेचा उल्लेख वाचून किनाऱ्यावरच्या वाचकाने दूर देशीची गोष्ट म्हणून पान उलटू नये. भारतातही होंडाने याच ताकाताच्या एअरबॅगांसाठी गाड्या परत बोलावल्या होत्या.

आता आपल्या घरचे पाहू. आपल्याकडे २०१२ पर्यंत सदोष गाडी परत बोलावण्याची काही शिस्तच नव्हती. त्या वर्षी मोटार उत्पादकांच्या संघटनेने स्वतःपुरती एक ऐच्छिक आचारसंहिता केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि गाड्या परत बोलावण्याचा हुकूम काढण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतील वाहनांबद्दल तक्रारी ठराविक संख्येवर गेल्या तर चौकशी, आणि दोष ठरल्यास दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड. पाऊल स्तुत्य आहे. परंतु आरंभ तक्रारींच्या मोजणीने होतो, ही त्यातली उणीव आम्हांस बोचते. तक्रार करण्याची सवय नसलेल्या देशात तक्रारी मोजून धोका ओळखावयाचा, म्हणजे मुक्या रोग्याला कण्हण्याची वाट पाहण्यासारखे आहे.

आणि सूट? ती आपल्याकडे अर्जाने नव्हे, बहुधा तारखेने मिळते. चालकाशेजारच्या प्रवाशासाठी एअरबॅग सक्तीची झाली, तेव्हा आधीपासून विकल्या जाणाऱ्या नमुन्यांसाठी ३१ ऑगस्ट २०२१ ही मुदत होती. ती ३१ डिसेंबरवर गेली. कोविडचा काळ होता, हे आम्ही विसरलेलो नाही. सहा एअरबॅगांचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला. ऑक्टोबर २०२२ ची तारीख जागतिक पुरवठ्यातील अडचणींचे कारण सांगून एक वर्ष पुढे ढकलली गेली, आणि २०२३ च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्र्यांनीच जाहीर केले की, अशी सक्ती करण्याचा विचार नाही. नव्या ‘भारत एनकॅप’ या तारांकनाच्या चढाओढीतून कंपन्या आपण होऊन सुधारतील. कदाचित सुधारतीलही. ते तारांकन १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाले आहे आणि ग्राहक तारे विचारू लागला आहे, ही आनंदाची गोष्ट होय. २०१४ मध्ये परदेशातील एका संस्थेने आपल्याकडील पाच लोकप्रिय मोटारी आपटून पाहिल्या, तेव्हा प्रौढ प्रवाशाच्या संरक्षणासाठी एकीलाही एक ताराही मिळाला नव्हता; आणि तरीही त्या पाचही आपल्या तेव्हाच्या कायद्यात अगदी चोख बसत होत्या! अशा कायद्यातून सूट मागण्याची कोणाला गरज पडणार होती?

मुदत वाढवू नये असे आमचे म्हणणे नाही. कारखाने कोणी जादूने चालवीत नाही; सुटे भाग यावे लागतात, साचे बदलावे लागतात, आणि किंमत वाढली की लहान गाडी घेणारा पुन्हा दुचाकीवर बसतो, जी तर त्याहूनही धोक्याची. ही बाजू खरी आहे आणि कंपन्यांनी ती अवश्य मांडावी. पण कोणत्या कंपनीने कोणती अडचण सांगितली, तिची तपासणी कोणी केली, आणि त्या अडचणीच्या पारड्यासमोर दुसऱ्या पारड्यात किती माणसांचे प्राण ठेवून तोलले, हे सामान्य वाचकाच्या हाती कधी पडत नाही. त्याच्या हाती पडते ती नवी तारीख. सरकारला कारण विचारणे हाच गुन्हा ठरविणारी राजवट गोव्याने १९६१ पर्यंत भोगली आहे. कारण विचारण्याचा हक्क मिळाल्यावर तो केवळ निवडणुकीच्या सभेत वापरावयाचा आणि मोटारीच्या दिव्यापाशी विसरावयाचा, हे आम्हांस पटत नाही.

२०२२ या एका वर्षात भारताच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, असा सरकारचाच आकडा आहे. यांतील किती जण गाडीच्या दोषाने गेले, किती खड्ड्याने आणि किती दारूने, याची काटेकोर वाटणी आपल्याकडे होत नाही. चालकाचा निष्काळजीपणा असा शेरा मारला की पोलीस पंचनामा संपतो. गाडी उघडून, तिचा ब्रेक आणि दिवा तपासून, अमुक भागात अमुक दोष होता असे लिहिणारा माणूस अपघाताच्या जागी सहसा नसतो. किल्लीची ढिली स्प्रिंग आपल्याकडे असती तर ती सापडली असती काय?

केंद्रीय परिवहन मंत्रालयास आमची सूचना साधी आहे. कंपनीला आपल्या गाडीतील उणीव क्षुल्लक वाटत असेल, वा एखाद्या सुरक्षा-नियमाची मुदत वाढवून हवी असेल, तर तिने तसा लेखी अर्ज करावा. तो अर्ज राजपत्रात आणि देशी भाषांतील वृत्तपत्रांत जसाच्या तसा छापावा. हरकतींसाठी तीस दिवस द्यावेत, आणि निर्णयासाठीही मुदत बांधून घ्यावी, म्हणजे ताकातासारखी चार वर्षे जाणार नाहीत. मंजुरी दिली तर कारणे छापावीत. नाकारली तरीही छापावीत. अर्ज विचाराधीन असेपर्यंत त्या नमुन्याच्या नव्या गाड्यांची विक्री थांबवावी. ही शेवटची अट असली म्हणजे कोणत्या कंपनीला आपली चूक खरोखरच क्षुल्लक वाटते आणि कोणाला फक्त वेळ काढावयाचा आहे, हे अर्जांच्या संख्येवरूनच कळून येईल.